अपक्ष उभं राहावं का? आमच्या गावातली एक कार्यकर्ती आणि चार बटणांचा प्रभाग

मुठाकाठ | 17 डिसेंबर 2025, रात्री 10:12

मंडळी, परवा आयोगाने महापालिका निवडणुका जाहीर केल्या आणि आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जो धुरळा उडाला तो अजून बसलेला नाही. म्हणून इथे विचारतोय. इथे निदान कुणी 'शुभ सकाळ'ची फुलं टाकत नाही.

आम्ही सिंहगड रोडच्या पुढे, 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एका गावात राहतो. ग्रामपंचायत त्याच दिवशी संपली. पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत 14 मार्च 2022 ला संपली आणि तेव्हापासून प्रशासक. म्हणजे आमचा सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. आमदार-खासदार सोडले तर गेली साडेचार वर्षं जिच्या दारात जाऊन 'पाणी का नाही' म्हणून भांडावं अशी निवडून आलेली एकही व्यक्ती गावाला नाही.

ही पोकळी ज्या बाईंनी भरून काढली त्यांना सगळे नुसतं 'ताई' म्हणतात. मूळच्या गावातल्याच. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, आता बचत गट बघतात. कुठल्या गल्लीत टँकर कधी आला आणि कुठे आलाच नाही याची त्यांच्याकडे वही आहे. माहिती अधिकाराचे अर्ज त्या स्वतः लिहितात, सुवाच्य अक्षरात. यंदा जानेवारीत जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, नांदेड, किरकटवाडी, धायरीची नावं रोज टीव्हीवर झळकत होती, तेव्हा लोक घाबरून गावाकडे पळत होते आणि ताई घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत होत्या. ज्यांच्या घरी पेशंट होता त्यांना कुठल्या रुग्णालयात कोणती मदत मिळते हेही त्यांनाच ठाऊक होतं.

आता सगळे म्हणतात ताईंनी उभं राहावं. एका पक्षाचा माणूस येऊन गेलाय. त्यांना सर्वसाधारण महिला जागेवर 'स्वच्छ चेहरा' हवाय म्हणे. तरुण पोरांचं म्हणणं, पक्ष नको, अपक्ष उभ्या राहा. ताई मला म्हणाल्या, "तुमची जगभरची ओळख, जरा विचारून सांगा." जगभरची ओळख म्हणजे तुम्हीच.

---

चहाटपरी | 17 डिसेंबर, 10:31

अपक्ष? डिपॉझिट जप्त. पुढचा प्रश्न.

---

चौथा_मजला | 17 डिसेंबर, 10:58

चहाटपरी नेहमीप्रमाणे उकळता.

माझं मत अगदी उलट आहे. अशीच माणसं हवीत. पालिकेचं यंदाचं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं आहे. तो पैसा कुठे जातो हे विचारणारी एक जरी बाई सभागृहात बसली तरी फरक पडेल. टाउनशिपमधले सगळे सुशिक्षित मतदार एकत्र आले तर अपक्ष सहज निघेल.

---

जुना_पोलिंग_एजंट | 18 डिसेंबर, सकाळी 7:05

'सहज' हा शब्द वाचून चहा सांडला. जरा हिशेब मांडतो. मी पेठेतला, 2002 पासून प्रत्येक पालिका निवडणुकीत बूथवर बसलोय. कुणासाठी ते विचारू नका, बदलत गेलं.

आधी हे बघा की पुण्यात प्रभाग दर निवडणुकीला नवा असतो. 2002 ला तीन नगरसेवकांचा. 2007 ला एकाचा. 2012 ला दोघांचा. 2017 ला चौघांचा. 2022 साठी पुन्हा तीनचा ठरला होता, ती निवडणूक झालीच नाही. आता परत चारचा. जो सत्तेत असतो त्याला वाटतं मोठ्या प्रभागात आपलं चिन्ह चालेल. यात अपक्षाचा विचार कुणी कशाला करेल?

यंदा 165 जागा, 41 प्रभाग. चाळीस प्रभाग चौघांचे, एकच पाच जणांचा. लोकसंख्या धरलीय 2011 च्या जनगणनेची, सुमारे 34 लाख 81 हजार. भागाकार केलात तर एका नगरसेवकामागे 21 हजार, चौघांच्या प्रभागात 84 हजारांच्या आसपास. आणि हा आकडा 2011 चा! तुमच्या भागात तेव्हा ऊस होता तिथे आता बारा मजले उभे आहेत. प्रत्यक्षात किती माणसं आहेत देव जाणे.

आता ताईंचं काम किती गल्ल्यांत आहे? एका गावात ना? तुमचा प्रभाग नदीच्या दोन्ही तीरांना पसरलेला असेल तर अलीकडे नांदेड-किरकटवाडी आणि पलीकडे शिवणे-उत्तमनगर. पलीकडच्या माणसाने ताईंचं नावही ऐकलेलं नसणार. समजा मतदार 90 हजार आणि त्यातले निम्मे आले. 45 हजार मतं, रिंगणात चार-पाच तगडे उमेदवार. निवडून यायला 15 हजारांच्या पुढे लागतात. गावातलं एकूण एक मत मिळालं तरी बेरीज पुरी होत नाही.

आणि खरी मेख मशीनमध्ये आहे. मतदाराला चार मतं: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही, कुणी नको असेल तर त्या जागेपुरतं नोटा. पक्षवाले सांगतात, 'चार बटणं, एकच चिन्ह.' आजीच्यासुद्धा लक्षात राहतं. अपक्षाला सांगावं लागतं, 'तीन जागी कुणालाही द्या, पण ब मध्ये खाली जाऊन सातव्या ओळीत बघा.' हे सांगता सांगता मतदार लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

---

चहाटपरी | 18 डिसेंबर, 7:20

मी हेच दोन शब्दांत सांगितलं होतं.

---

गोरेगावकर | 18 डिसेंबर, दुपारी 1:40

पुणेकरांच्या धाग्यात मुंबईकर नाक खुपसतोय, पण राहवत नाही.

समाविष्ट गाव, पाणी नाही, आणि एक बाई भांडतेय. हे आमच्याकडे घडून गेलंय. जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतची उपनगरं 1957 मध्ये मुंबई महापालिकेत आली, त्यात आमचं गोरेगाव. पालिका आली म्हणजे नळाला लगेच पाणी आलं असं नाही. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून चळवळीत आलेल्या, 1958 मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले, पदरात लहान मुलगी. 1961 मध्ये त्या पालिकेवर निवडून आल्या आणि पाण्याचा प्रश्न इतका लावून धरला की 'पाणीवाली बाई' हेच नाव पडलं. पुढे 1972 ला विधानसभा, महागाईविरोधात लाटणी घेऊन निघालेले मोर्चे, आणीबाणीत तुरुंग, 1977 ला लोकसभा. तेव्हाची घोषणा आमच्या घरात अजून ऐकू येते: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.'

पण हे सांगून 'मग ताईंनी अपक्ष उभं राहावं' असं मी म्हणणार नाही. मृणालताई एकट्या नव्हत्या. समाजवादी कार्यकर्त्यांची फळी मागे होती, घराघरातल्या बायका होत्या, वर्षानुवर्षं चाललेली बैठकांची सवय होती. नुसत्या चांगुलपणावर कुणी नगरसेवक होत नाही. ताईंच्या मागे त्या वहीशिवाय काय आहे?

---

मुठाकाठ | 18 डिसेंबर, रात्री 9:15

गोरेगावकर, प्रश्न झोंबला पण रास्त आहे. मागे बचत गट आहेत, एकूण वीसेक. त्यांतल्या काही बायका पलीकडच्या तीरावर दिलेल्या आहेत किंवा तिकडून इकडे आलेल्या आहेत. हे नातं मला आज तुमच्यामुळे सुचलं.

---

उंबरठा | 18 डिसेंबर, 9:50

165 पैकी 83 जागा महिलांच्या आहेत. 83! आणि या धाग्यावर अजून कुणी विचारलं नाही की ताईंच्या घरी काय म्हणतात.

माझी जाऊ मागे एका नगरपालिकेत निवडून आली होती. फ्लेक्सवर तिचा फोटो मोठा, दिराचा त्याहून मोठा. सभेला ती, निर्णयाला तो. अधिकारी फोन करायचे तोही त्यालाच. 'महिला जागेवर स्वच्छ चेहरा हवा' हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. चेहरा हवाय त्यांना. वही नकोय.

पक्षाच्या माणसाला ताईंनी एकच विचारावं: निवडून आल्यावर टँकरच्या ठेक्यांची माहिती मी सभागृहात मागितली तर चालेल का? उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघावं.

---

टँकरगल्ली | 19 डिसेंबर, सकाळी 6:48

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी.

चौथा_मजला साहेब, 'सुशिक्षित मतदार एकत्र आले तर' म्हणजे काय? मी चाळीत राहतो, इलेक्ट्रिशियन आहे. आमच्या गल्लीत मतदानाला रांग लागते. टाउनशिपवाले सुट्टी जोडून महाबळेश्वरला जातात हे आम्ही बघितलंय. आणि तुमच्या पार्किंगच्या तक्रारीसाठी ताई आल्या होत्या का? त्या येतात आमच्याकडे. निवडून याव्यात अशी इच्छा आहेच, पण मग त्यांच्या प्रचारात 'सुशिक्षित', 'स्वच्छ' असले शब्द नकोत. ते ऐकलं की आमच्याकडच्या लोकांना वाटतं, ही बाई आता त्यांची झाली.

---

चौथा_मजला | 19 डिसेंबर, 8:02

महाबळेश्वरचं मान्य आहे. बाकीच्यावर विचार करतो. पण आमच्याकडेही टँकरच येतो हो, फक्त तो बिलात लावून येतो म्हणून दिसत नाही.

---

टँकरगल्ली | 19 डिसेंबर, 8:10

मग हेच बोला की प्रचारात. दोघांचा टँकर एकच.

---

फाइलवाला | 19 डिसेंबर, दुपारी 3:30

सेवानिवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. निर्णय काहीही होवो, कागद आजच गोळा करायला घ्या. अर्ज 23 ते 30 डिसेंबर, छाननी 31 ला, माघार 2 जानेवारी, चिन्हं 3 जानेवारीला, मतदान 15 ला, मोजणी 16 ला.

वय 21 पूर्ण आणि पालिकेच्या मतदारयादीत नाव हवं. यादी 1 जुलै 2025 ची विधानसभेचीच, ती फोडून प्रभागवार केलीय. फोडताना एका इमारतीची नावं भलत्याच प्रभागात गेल्याची बोंब सगळीकडे आहे. ताईंचं आणि सूचक-अनुमोदकांचं नाव नेमकं कुठल्या भागात, कुठल्या क्रमांकावर आहे ते आज रात्रीच डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या तोंडी माहितीवर अर्ज भरू नका.

12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली असतील तर विषय तिथेच संपतो. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असल्याचं प्रमाणपत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांबाबतचं शपथपत्र. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. समाविष्ट गावांत मिळकत कराचे वाद आहेत, त्यामुळे थकबाकीच्या दाखल्याला वेळ धरून चाला.

आणखी एक, हे फार जण विसरतात. उमेदवाराचा पालिकेशी कसलाही ठेका किंवा त्यात हितसंबंध असता कामा नये. बचत गटाला पालिकेचं काही काम मिळालेलं आहे का, शाळेच्या आहाराचं वगैरे? असेल तर आधी वकिलाला दाखवा. छाननीच्या दिवशी समोरचा वकील नेमकं हेच काढतो.

खर्चाची मर्यादा पुण्याला 15 लाख. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलात तरी. हरलेले अपक्ष हे विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात.

---

चहाटपरी | 19 डिसेंबर, 3:41

पंधरा लाख ही मर्यादा आहे होय? मला वाटलं दर दिवसाची.

---

जुहूचा_वारा | 19 डिसेंबर, रात्री 11:20

अपक्ष निघतच नाही असं नाही. 2007 मध्ये आमच्या जुहूत अडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून पालिकेत गेले. रहिवाशांच्या संघटनांनी मिळून आधी उमेदवार ठरवला, मग प्रचार केला. पण मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, तेव्हाही आणि आताही. चालत फिरता येतो. एजंटसाहेबांचा हिशेब पुण्याला लागू आहे, मुंबईला तितका नाही. पुण्यातले कायदे वेगळे का, हा प्रश्न कुणी कोर्टात न्यावा.

---

जुना_पोलिंग_एजंट | 20 डिसेंबर, सकाळी 7:00

नेऊन झाले. निवडणूक तोंडावर आली की प्रभागरचनेवर याचिका ठरलेल्या. असो.

---

शनिवारवाड्यामागे | 20 डिसेंबर, 10:15

मी जरा वेगळं बोलतो, शिव्या घालू नका. ताईंनी उभंच राहू नये.

आतापर्यंत त्या सगळ्यांच्या होत्या. अर्ज भरल्या दिवसापासून त्या एका बाजूच्या होतील. ज्या इंजिनिअरने काल त्यांचा फोन उचलला तो उद्या विचार करेल, उचलावा की नाही. आणि हरल्या तर 'लोकांनी नाकारलेल्या बाई' म्हणून प्रत्येक बैठकीत टोमणा.

कायद्यात दुसऱ्या वाटा आहेत. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. स्वीकृत नगरसेवक हा प्रकारच मुळी निवडणूक न लढवणाऱ्या जाणकारांसाठी आहे: डॉक्टर, वकील, अभियंते, सामाजिक संस्थांचे पदाधिकारी. पूर्वी पाच असत, आता संख्या वाढवून दहापर्यंत नेली आहे. शिवाय पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. पदाशिवायही खूप होतं.

---

उंबरठा | 20 डिसेंबर, 10:40

स्वीकृतवर आजवर गेलेल्यांची नावं कधी वाचलीत का? तिकीट कापलेले आणि पडलेले, त्यांची सोय. जाणकारांसाठीचं दार आहे खरं, फक्त किल्ली पक्ष कार्यालयात असते. प्रभाग समितीवर संस्थांचे सदस्य कोण नेमतं? नगरसेवकच. म्हणजे परत तिथेच.

आणि 'सगळ्यांच्या होत्या' हे काही मला पटत नाही. टँकरवाल्यांच्या कधी होत्या त्या?

---

शनिवारवाड्यामागे | 20 डिसेंबर, 10:52

शेवटचं वाक्य मान्य. बाकी माझं मत कायम.

---

मुठाकाठ | 26 डिसेंबर, रात्री 11:05

मंडळी, उशीर झाला, धावपळ चालू होती. धागा मोबाईलवर ताईंना वाचून दाखवला. चहाटपरींच्या प्रतिसादावर त्या सगळ्यात जास्त हसल्या.

उंबरठा, तुमचा प्रश्न त्यांनी पक्षाच्या माणसाला खरंच विचारला. तो म्हणाला, "ते वरून ठरतं." ताई म्हणाल्या, "पाणी पण वरूनच ठरतं." बोलणं तिथे संपलं. त्याच जागेसाठी त्यांनी एका बिल्डरच्या सुनेशी बोलणी सुरू केल्याचं आज कळलं.

घरचं विचारलंत. त्यांचे यजमान टेम्पो चालवतात. म्हणाले, "फ्लेक्सवर माझा फोटो टाकायचा नाही, मला गिऱ्हाईक तोडायचं नाहीये." उंबरठा, हे तुमच्या दिरांना कळवा.

फाइलवाला काका, साष्टांग नमस्कार. सूचकाचं नाव खरोखरच शेजारच्या प्रभागाच्या यादीत निघालं. वेळेत बदलला. बचत गटाला पालिकेचं कुठलंच काम नाही, वकिलाकडून खात्री केली.

ताईंचं ठरलंय: अपक्ष. कारण त्यांच्याच शब्दांत देतो. "साडेचार वर्षं गावात मत मागायला कुणी आलं नाही, म्हणून हिशेब द्यायलाही कुणी आलं नाही. आता चारही पक्ष येतील. त्यांच्या समोर वही उघडून उभं राहायला कुणीतरी पाहिजे. पडले तर पडले, वही काय पडत नाही." निवडून येण्याबद्दल त्या एक अक्षर बोलत नाहीत. एजंटसाहेबांचा हिशेब त्यांनी कागदावर उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे माणसाचं."

---

जुना_पोलिंग_एजंट | 27 डिसेंबर, सकाळी 7:10

बाई पक्क्या आहेत. मग आता फुकटचा सल्ला ऐका.

नदीपलीकडे सभा घेऊ नका, खुर्च्या रिकाम्या राहतील. तुम्ही सांगितलेल्या माहेर-सासरच्या बायकांकडून हळदीकुंकू लावा. 14 ला संक्रांत आहे, पण प्रचार 13 च्या संध्याकाळी संपतो, म्हणून आधीच उरका. वाण-बिण काही वाटू नका, आचारसंहितेत अडकाल. चिन्ह 3 ला मिळणार म्हणजे हातात दहा दिवस. पहिले दोन फक्त चिन्ह घरोघर पोचवण्यात घालवा, भाषण नंतर. नमुना मतपत्रिका छापा, ताईंची ओळ ठळक करा, ब चा जो रंग असेल त्याच रंगाच्या कागदावर. माणूस वाचत नाही, रंग बघतो.

आणि 30 तारखेकडे लक्ष ठेवा. पक्ष एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचं पत्र) शेवटच्या क्षणी देतात, बंडखोरी होऊ नये म्हणून. ज्यांचं तिकीट कापलं जाईल ते चिडलेले कार्यकर्ते त्या रात्री मोकळे असतात. त्यातल्या ज्याला यादी वाचता येते असा एक जरी मिळाला तरी सोनं. ताईंच्या पोरांना उत्साह आहे, यादी येत नाही.

---

टँकरगल्ली | 27 डिसेंबर, 9:30

यादी मला येते. 2017 ला धायरीत केलंय हे काम. कुणासाठी ते विचारू नका.

---

मुठाकाठ | 3 जानेवारी 2026, संध्याकाळी 6:20

काल दुपारी तीनच्या आत माघार घ्यावी म्हणून तीन वेगवेगळे लोक घरी येऊन गेले. एकाने मुलाच्या नोकरीचं सुचवलं, एकाने देवळाच्या कमिटीचं अध्यक्षपद. तिसरा नुसता चहा पिऊन गेला, तो का आला होता ते कुणालाच कळलं नाही.

चिन्ह मिळालं: कपबशी.

---

चहाटपरी | 3 जानेवारी, 6:21

आता मात्र मला यावंच लागणार. पण हिशेब हिशेबाच्या जागी. डिपॉझिट वाचलं तर धाग्यावरच्या सगळ्यांना माझ्याकडून कटिंग.

---

चौथा_मजला | 3 जानेवारी, 7:45

15 ला मी कुठेही जात नाहीये. आमच्या तीन इमारतींच्या स्लिपा मी वाटतो. सोसायटीच्या ग्रुपवर 'दोघांचा टँकर एकच' हे टाकलं तर चालेल का? टँकरगल्ली, वाक्य तुमचं आहे म्हणून विचारतोय.

---

टँकरगल्ली | 3 जानेवारी, 8:00

टाका. स्लिपा उद्या सकाळी न्या, गेटवर वॉचमन आत सोडत नाही म्हणून तुम्हीच खाली या.